झाकणावरची नावे

चेन्नई, १२ ऑगस्ट २०२४

चि. हरिप्रिया,

हे पत्र तुझ्या वडिलांचे आहे, हे अक्षरावरून कळेलच. आपले बोलणे बंद होऊन दोन वर्षे दोन महिने झाले. ते आज सुरू करावे, असा या पत्राचा हेतू नाही. एक गोष्ट तुला दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू नये, एवढ्यासाठीच लिहितो.

शनिवारी दुपारी नुंगंबाक्कमच्या आमच्या प्रयोगशाळेत तुझ्या नावाचे दोन डबे आले. हरिप्रिया गिरीधर, वय एकेचाळीस, गुम्मिडिपूंडी. या नावाच्या बायका पुष्कळ असतील. पण नवऱ्याचे नाव, गाव आणि वय तिन्ही जुळणारी मला एकच ठाऊक आहे. म्हणजे तू ते ऑपरेशन करून घेतलेस.

हे मला कळण्याचा अधिकार नाही. रोग्याचे नाव नमुने तपासण्याच्या टेबलाबाहेर न्यायचे नाही, हा नियम मी सरकारी रुग्णालयात सदतीस वर्षे आणि निवृत्तीनंतर येथे तेरा वर्षे पाळला. आज मोडतो आहे, तोही खुद्द रोग्यापाशी. याचा दोष कमी की अधिक, ते मी ठरवू शकत नाही.

काढलेला भाग टाकून देत नाहीत, हे तुला कोणी सांगितले होते की नाही? बाई निरोगी असली, नुसता भार हलका करण्यासाठी ऑपरेशन झाले असले, तरीही तो भाग फॉर्मॅलिनमध्ये बुडवून आमच्याकडे येतो. उजवीकडचा एका डब्यात, डावीकडचा दुसऱ्या. आम्ही वजन करतो. मग डॉक्टर कुमुदिनी दुधी चिरावा तसे काप करून प्रत्येक काप बोटाने चाचपतात, दोन-तीन तुकडे निवडून मेणात बसवायला देतात, आणि त्याची स्लाइड भिंगाखाली पाहतात. बहुतेक वेळा चरबीच असते. तुझेही तसेच निघेल. काळजी नसावी.

आपले बोलणे बंद झाले त्या दिवशी तुझ्या घरी मी जे बोललो, ते कृष्णवेणीअम्मांच्या समोर बोलायला नको होते. तुझ्या सासूबाई आहेत त्या. "धडधाकट शरीराला कात्री लावून घेणे हा माज आहे," असे मी म्हणालो. त्यावर तू म्हणालीस, "अप्पा, जन्मभर तुम्ही परक्या बायकांची छाती काट्यावर तोललीत. माझी पाठ तुम्हाला दिसत नाही?" आणि आत गेलीस. गिरीधरने मला बसस्थानकापर्यंत सोडले.

मी तेव्हा जे बोललो, त्याविषयीचा माझा विचार बदलला आहे असे नाही. मात्र ते कोठे बोललो, याविषयीचा बदलला आहे.

मराठीत लिहितो आहे, कारण तमिळ मी टेबलावर बोलतो. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही तमिळ. आपली बालबोध लिपी मला तुझ्या आजोबांनी, आबांनी घरी शिकवली आणि मी तुला पाटीवर. वाचायला वेळ लागला तरी हरकत नाही.

टेबलावर सर्व काही नियमाप्रमाणे झाले. आमची तंत्रज्ञ कामाक्षी त्या वेळी नव्हती. मीच तिला कॉफी प्यायला पाठवले होते.

जखमेला पाणी लागू देऊ नकोस.

बालाजीराव


चेन्नई, १६ ऑगस्ट २०२४

चि. हरिप्रिया,

काल स्वातंत्र्यदिनाची सुट्टी होती. घरात बसवेना, म्हणून दोनदा प्रयोगशाळेच्या दारापर्यंत जाऊन आलो. दारावरचा पहारेकरी म्हणाला, "राव सार, झेंडा त्या बाजूला आहे, इकडे कुलूप आहे." मी त्याला ओळखत नसल्यासारखा परत फिरलो.

आज सकाळी डॉक्टर कुमुदिनींनी तुझा एक डबा पुन्हा मागवला. डावा.

हे लिहू नये, हे मला समजते. परंतु पन्नास वर्षांत मला एक गोष्ट कळली आहे. डॉक्टर स्लाइड पाहून चष्मा पुसतात, ती पुन्हा पाहतात आणि काही न बोलता उरलेला डबा मागवतात, तेव्हा ते उगीच नसते. पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंचे तीन-तीन तुकडे घेतले होते. आज एकट्या डावीकडचे बारा. मी पलीकडे उभा राहून एकेक काप फळीवर ठेवत होतो.

"राव सार, एकच काप दोनदा का मोजताय?" कामाक्षीने विचारले. मुलगी कामात चोख आहे, तोंडाने मोकळी आहे.

"वयाने," मी म्हणालो.

"परवापर्यंत वय नव्हतं वाटतं. आणि शनिवारी तुम्ही पुकारा नाही केलात म्हणे. मी कॉफीला गेले तेवढ्यात सारा माल आत घेतलात. कोर्टाचा शिपाई पुकारा विसरला, तर न्यायाधीशानं करायचं काय?"

मी तिला गप्प बसायला सांगितले.

या पुकाऱ्याविषयी तुला सांगितले पाहिजे. डबा आला की एकाने डब्यावरचे नाव आणि बाजू मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने हातातल्या फॉर्मवरून तेच मोठ्याने वाचायचे. दोघांचे जुळले की मगच झाकणाला हात लावायचा. ही पद्धत येथे मी आणली. नवी मुले हसायची. डॉक्टर कुमुदिनींनी त्यांना सांगितले, "राव सारांच्या टेबलावर आजवर एक डबा इकडचा तिकडे झालेला नाही. हसायचं असेल तर आधी तेवढं करून दाखवा." त्यानंतर कोणी हसले नाही.

शनिवारी मी पुकारा केला नाही. तुझे नाव, आणि त्यापुढे तो अवयव, चार माणसांत मोठ्याने उच्चारणे माझ्याने झाले नाही. तो शब्द मी दिवसातून दहा वेळा उच्चारतो. तुझ्या बाबतीत येथे कागदावर लिहितानाही पेन थांबते.

एवढेच झाले. बाकी काही झालेले नाही.

एक गोष्ट राहिली. ऑपरेशन थिएटरमधून डबे आले तेव्हा लेबले डब्यांच्या अंगावर नव्हती, झाकणांवर होती. असे येते कधीकधी. तिकडच्या लोकांना घाई असते. अशा वेळी झाकण काढण्याआधी डब्याच्या अंगावर दुसरे लेबल चिकटवायचे, कारण झाकण निघाले की डब्याला नाव उरत नाही. मी ते चिकटवले. वजन झाल्यावर चिकटवले.

वजनाच्या वेळी दोन्ही झाकणे निघालेली होती. माझ्या मताप्रमाणे उजवे झाकण मी उजव्याच डब्यावर लावले. मला बहुतेक खात्री आहे.

बालाजीराव


चेन्नई, १७ ऑगस्ट २०२४

चि. हरिप्रिया,

कालचे पत्र पेटीत टाकल्यावर वाटले, हात घालून परत काढता आले तर बरे. आज पुन्हा लिहितो, कारण आता चिंतेचे कारण राहिलेले नाही. म्हणजे एका बाबतीत राहिलेले नाही. क्रमाने सांगतो.

आज सकाळी डॉक्टरांनी स्लाइड पाहिल्या आणि अहवाल सांगितला. कामाक्षी संगणकावर टाइप करत होती, मी शेजारच्या खोलीत बरण्या धूत होतो. दार उघडे होते. डाव्या बाजूला रोग आहे. दुधाच्या नळीच्या आत आहे, नळी फोडून बाहेर आलेला नाही, फार लहान आहे. बाहेर आलेला नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितले. अहवालावर सोमवारी सही होईल, मग तुझ्या सर्जनला जाईल, आणि त्या बाजूला पुन्हा ऑपरेशन करावे लागेल.

बरणी माझ्या हातात होती. मी ती पुन्हा धुतली.

तुला ठाऊक असावे म्हणून स्पष्ट लिहितो. रोग कोणता यापेक्षाही आता तो कोणत्या बाजूचा, यावर सर्व अवलंबून आहे. बाजू चुकली तर निरोगी बाजूवर सुरी चालेल आणि रोग दुसरीकडे राहील. सर्जनला दिसण्यासारखे काही नाही, हाताला लागण्यासारखे नाही. आमच्या कागदावर जे लिहिले असेल, ते धरूनच ते चालतील.

म्हणून कामाक्षी जेवायला गेली तेव्हा मी तुझे दोन्ही डबे पुन्हा उघडले. काढलेल्या भागाबरोबर थोडी त्वचाही येते. डाव्या डब्यातल्या त्वचेवर जुना भाजल्याचा व्रण आहे, चिंचेच्या पानाएवढा, पांढरट. मी तो तत्काळ ओळखला. तू सहा वर्षांची होतीस. तंजावरला माझ्या चुलतभावाच्या मुलीच्या लग्नात पंगत चालली होती, तू माझ्या कडेवर होतीस, आणि वाढप्याची रसमची बादली आपल्याला धडकली. तुझी आई सकवारबाई पानावरून उठून तशीच धावली. व्रण तुझ्या डाव्या बाजूला पडला. म्हणजे डावा डबा डावाच आहे. झाकणे जेथली तेथेच आहेत.

हे कळल्यावर मी आठवड्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवलो.

तेव्हा डॉक्टरांना काही सांगण्याची आवश्यकता नाही. न झालेली चूक कबूल करणे हाही एक खोटेपणाच आहे.

बालाजीराव

ता. क. — पत्र संपवून तुझा फॉर्म फाइलला लावायला घेतला आणि तो हातात उलटा आला. मागच्या बाजूला थिएटरच्या नर्सने वजने लिहिली आहेत. लेबलावरच्या नाव-गावापलीकडे इंग्रजी मला वाचता येत नाही, परंतु आकडे आणि बाजूची दोन अक्षरे कळतात. उजवी ६५५ ग्रॅम. डावी ६००. आमच्या वहीत माझ्या हातचे आहे, उजवी ५८५, डावी ६४०. थिएटरमधला काटा बिघडलेला असेल. फॉर्मॅलिनमध्येही वजन थोडे बदलते. परंतु जड ते हलके होत नाही.


चेन्नई, १९ ऑगस्ट २०२४

चि. हरिप्रिया,

शनिवारचे पत्र टाकले नव्हते. ते याच पाकिटात घातले आहे. फाडून टाकावे असे वाटले होते, पण त्यात मी काय विचार करत होतो, हे तुला कळले पाहिजे.

रविवारी मी दिवसभर फिरत राहिलो. वेलचेरीच्या गाडीत बसलो, शेवटच्या स्थानकावर उतरलो, त्याच गाडीने परत आलो. समोर एक बाई दोन पिशव्या घेऊन उभी होती. दर दोन मिनिटांनी पिशव्या खाली ठेवून खांदे चोळायची. तुझी आई असेच चोळायची. ब्लाउजच्या पट्टीखाली तिच्या खांद्यांवर बोट जाईल एवढ्या खाचा पडल्या होत्या. तिने कधी तक्रार केली नाही आणि मी कधी विचारले नाही. ती गेल्यावर हे तुझ्यापाशी बोलायला हवे होते. बोललो ते दुसरेच.

आज आठ वाजता डॉक्टर कुमुदिनींच्या खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो. त्या साडेआठला आल्या. मी सर्व सांगितले. ती माझी मुलगी आहे, हे सांगितले. कामाक्षीला मी मुद्दाम बाहेर पाठवले, कोणाची नजर पडू नये म्हणून डब्यांवर माझा टॉवेल टाकला, टॉवेलाखाली हात घालून दोन्ही झाकणे काढली आणि नंतर तशीच अंदाजाने लावली, हेही सांगितले. हे टॉवेलाचे मी तुला लिहिले नव्हते.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "राव सार, मी शुक्रवारी डबा मागवला तेव्हा तुम्ही माझ्या समोर उभे होता."

"होय, डॉक्टर."

"तेव्हा का नाही बोललात?"

"माझ्या टेबलावर कधी..."

"तुमच्या टेबलाचं नंतर बघू. मी आज नऊ वाजता सही करणार होते."

त्यांनी माझी वही आणि फॉर्मची मागची बाजू शेजारी शेजारी ठेवून पाहिली. वजनांवरून संशय येतो, खात्री होत नाही, असे म्हणाल्या. मी व्रणाचे सांगितले, तो डावीकडचा आहे हेही सांगितले. "म्हणजे वजन एक सांगतंय आणि तुम्ही दुसरं," त्या म्हणाल्या. त्यांनी तुझ्या सर्जनला फोन लावला. ऑपरेशनआधीच्या फोटोंत व्रण दिसत नाही, तो खालच्या घडीत झाकला गेला आहे. तेव्हा त्यांनी तुझा नंबर फिरवला आणि फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. मी बाहेर जाऊ लागलो. "थांबा," त्या म्हणाल्या.

तुझा आवाज थोडा जाड झाला आहे.

तुझे बोलणे तमिळमध्ये झाले. मी ते मराठीत उतरवतो आहे, म्हणजे तू काय बोललीस ते मला नीट ऐकू आले आहे, हे तुला कळेल.

"छातीच्या खाली जुना भाजल्याचा व्रण होता का?" डॉक्टरांनी विचारले.

"होता."

"कोणत्या बाजूला? विचार करून सांगा."

"विचार कसला करायचा? उजव्या. रोज आंघोळ करताना दिसतो." मग तू थांबलीस. "दिसायचा."

"नक्की उजव्या?"

"डॉक्टर, मी कारखान्यात क्वालिटीला आहे. पास होऊन गेलेल्या मालाबद्दल पुन्हा फोन येतो, तेव्हा काय झालेलं असतं ते मला कळतं. सरळ सांगा."

त्यांनी सरळ सांगितले. रोगाचेही सांगितले. लहान आहे, वेळेवर सापडला आहे, असे सांगितले. तुझ्याकडून मशीनचा आवाज येत होता, म्हणजे तू कारखान्यात होतीस. ऑपरेशन होऊन दहा-बारा दिवसांत तू कामावर कशी, हा प्रश्न माझ्या तोंडावर आला होता.

मग तू विचारलेस, "घोटाळा कोणी केला?"

"आमच्या टेबलावरच्या माणसानं. त्यांनीच आज येऊन सांगितला. ते इथं उभे आहेत."

"अप्पा?"

डॉक्टर म्हणाल्या, "हो."

"स्वतःहून सांगितलं?"

"स्वतःहून. तीन दिवस उशिरा."

"अप्पांना तीन दिवस म्हणजे लवकरच," तू म्हणालीस, आणि फोन ठेवलास.

त्या पंगतीत रसम माझ्या डाव्या हातावरही उडाले होते. मनगटावरचा डाग अजून आहे. पस्तीस वर्षे मी स्वतःच्या हाताकडे पाहून तुझीही बाजू डावीच धरून चाललो. मला शपथ घालून विचारले असते तरी मी डावीच सांगितली असती. तुला न विचारता मी शनिवारी पोटभर जेवलो होतो, हे ध्यानात आले की अन्न समोर नको वाटते.

अहवाल आता बदलून लिहिला आहे. रोग उजव्या बाजूला. पुराव्यासाठी वजने आणि व्रण दोन्ही नमूद केले आहेत, आणि नमुना स्वीकारताना बाजूंची अदलाबदल झाली, असे एक वाक्य आहे. त्या वाक्याखाली माझे नाव घालावे, अशी मी विनंती केली. अहवालात नोकराचे नाव लिहीत नाहीत, असे डॉक्टर म्हणाल्या. तेव्हा मी माझ्या वहीत, त्या दिवसाच्या नोंदीखाली, पूर्ण नावाने लिहिले.

बालाजीराव


चेन्नई, २३ सप्टेंबर २०२४

चि. हरिप्रिया,

येत्या गुरुवारी तुझे दुसरे ऑपरेशन आहे, हे गिरीधरच्या फोनवरून कळले. तो म्हणाला, "मामंजी, ती म्हणतेय तुम्ही येऊ नका."

"रागाने म्हणाली?"

"नाही. चहा पिता पिता म्हणाली. त्या दिवशी तिला कोणाची समजूत काढत बसायचं नाहीये, एवढंच."

मी येणार नाही. हे पत्र बुधवारपर्यंत तुला मिळावे म्हणून स्पीड पोस्टाने पाठवतो आहे.

टेबलाचे काम आता कामाक्षी पाहते. मला बरण्या धुण्यासाठी आणि जुने मेणाचे ठोकळे क्रमाने लावण्यासाठी ठेवले आहे. डॉक्टरांनी मला काढले नाही. मी काम सोडतो म्हणालो, तेव्हा म्हणाल्या, "सोडून गेलात तर ही चूक कशी झाली ते नव्या पोरांना कोण सांगणार?" आता दर सोमवारी मी त्यांना ते सांगतो. पहिल्या सोमवारी वाक्य पुरे होईना. आज मात्र टॉवेलासकट सगळे सांगितले. मुलांपैकी कोणी हसले नाही. हसले असते तर मला हलके वाटले असते.

एक गोष्ट तुला लिहायची राहिली आहे, आणि ती माझ्या तोंडून निघाली पाहिजे. तू माझे ऐकले असतेस, ऑपरेशन केले नसतेस, तर हा रोग आज तुझ्या अंगात असता आणि आपल्यापैकी कोणालाही त्याची खबर नसती. दोन वर्षांपूर्वी तुझ्या ओसरीवर मी ज्याला माज म्हणालो, त्यानेच तो बाहेर आला. मी तो शब्द मागे घेतो. कृष्णवेणीअम्मांसमोर बोललो होतो, म्हणून त्यांनाही वेगळे पत्र लिहिले आहे, तमिळमध्ये.

माझ्याविषयी तू काय ठरवावेस, हा तुझा प्रश्न आहे. त्याबद्दल मी काही मागत नाही.

गुरुवारचे एक काम मात्र सांगतो. ते तुला करावेच लागेल, कारण तेथे मी नसेन, आणि असतो तरी माझ्यावर सोडू नयेस. तुला भूल देण्याआधी सर्जन पेनाने अंगावर खूण करतील. कोणत्या बाजूला केली, ते तू स्वतः मान वाकवून पाहा. उजवी असली पाहिजे. मग त्यांना मोठ्याने विचार, उजवीच ना? खोलीत कितीही माणसे असोत, पुरुष असोत, ओळखीचे असोत. कागदात तसेच आहे, असे म्हणाले तर कागद दाखवा म्हण. पुन्हा विचार. त्यांना राग आला तर येऊ दे.

लाजू नकोस, हरिप्रिया. त्या दिवशी मी लाजलो, म्हणून हे झाले.

तुझा अप्पा
बालाजीराव